मधली काच: ६३ मालिकेची लोकल आणि साकुरागिचोची आग

२४ एप्रिल १९५१, मंगळवार. योकोहामातल्या साकुरागिचो स्थानकाजवळ अप मार्गाच्या ओव्हरहेड वायरवर दुरुस्तीचं काम चालू होतं. काम करणाऱ्याच्या हातातला पाना निसटला आणि शॉर्टसर्किट झालं. संपर्क तारेला वरून तोलून धरणारी आधारतार तुटली आणि खालची तार रुळांवर लोंबू लागली. असे प्रसंग विजेच्या रेल्वेवर घडतात. गाड्या थांबवायच्या, वीज बंद करायची, तार ओढून घ्यायची, तासा-दोन तासांत वाहतूक सुरू. मुंबईकरांनीही ‘ओव्हरहेड वायर तुटल्याने’ ही घोषणा पुष्कळदा ऐकली आहे.

त्या दिवशी गाडी थांबली नाही. पावणेदोनच्या सुमारास केइहिन मार्गावरची पाच डब्यांची डाउन लोकल साकुरागिचोत शिरत होती. फलाटाला लागण्यासाठी तिला सांधा ओलांडून डाउनवरून अपच्या बाजूला यायचं होतं, म्हणजे नेमकं त्या लोंबत्या तारेखाली. पहिल्या डब्याचा पेंटोग्राफ, म्हणजे छतावर उभी राहून तारेतून वीज घेणारी चौकट, तारेत अडकला, मोडून छतावर कलंडला आणि १५०० व्होल्टची तार डब्याच्या छताला भिडली. छत लाकडाचं होतं, त्यावर कॅनव्हास. पहिला डबा साधारण दहा मिनिटांत जळून खाक झाला, दुसरा निम्मा जळाला. १०६ माणसं गेली, ९२ जखमी झाली.

गाडी रुळांवर उभी होती. टक्कर नव्हती, घसरण नव्हती, नदीत पडणं नव्हतं. स्थानक समोर दिसत होतं. डब्याला दोन्ही बाजूंना चार-चार दारं होती, रांगेनं खिडक्या होत्या, पुढच्या-मागच्या डब्यांत जायला टोकाची दारं होती. तरीही आतली माणसं बाहेर पडू शकली नाहीत. या प्रकरणाचा अभ्यास करायचा तो त्यासाठी. तार का तुटली याचं उत्तर एका वाक्यात संपतं. माणसं आत का अडकली याचं उत्तर द्यायला ती गाडी कशी जन्मली इथपासून सुरुवात करावी लागते.

काटकसरीतून जन्मलेली गाडी

या गाडीचं नाव ६३ मालिका. जपानी लोक तिला ‘रोकुसान’ म्हणत, म्हणजे सहा-तीन. आराखडा १९४४ चा, युद्ध हरत चालल्याच्या काळातला. पोलाद, तांबं, काच, रबर, सगळं लष्कराकडे जात होतं, आणि कारखान्यांकडे जाणारे कामगार मात्र रोज वाढत होते. रेल्वेच्या अभियंत्यांपुढे मागणी अशी होती: कमीत कमी मालात जास्तीत जास्त माणसं वाहणारा डबा द्या.

त्यांनी तो दिला, आणि एका बाजूनं पाहिलं तर फार विचारपूर्वक दिला. २० मीटर लांबीचा डबा, प्रत्येक बाजूला एक-एक मीटर रुंदीची चार दारं. तोपर्यंत सरकारी रेल्वेच्या लोकलला बहुधा तीनच दारं असत. चार दारांमुळे फलाटावर माणसं भराभर चढत-उतरत आणि गाडी कमी वेळ थांबे. ही मांडणी इतकी बरोबर ठरली की पुढे १९५७ ची १०१ मालिका, नंतरची १०३ मालिका आणि आज टोकियोत धावणाऱ्या बहुतेक लोकल याच २० मीटर, चार दारांच्या साच्यातून निघाल्या. जपानी उपनगरी गाडीचा सांगाडा रोकुसानने घालून दिला. हे नोंदवणं मला आवश्यक वाटतं, कारण पुढचं वाचून ती गाडी बेफिकीर माणसांनी बनवली असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं.

मालाची टंचाई मात्र डब्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात दिसत होती. सुरुवातीच्या डब्यांना आतून छताचं अस्तरच नव्हतं. फासळ्या उघड्या, दिवे म्हणून नुसते बल्ब. बसायच्या जागा कापलेल्या. पुढे अस्तर आलं ते प्लायवुडचं, वर सहज पेटणारा रंग. तारांवरचं इन्सुलेशन निकृष्ट. छतावर पेंटोग्राफ ज्यावर उभा असतो त्या भागाला धातूच्या सांगाड्यापासून वेगळं ठेवणारी व्यवस्था तुटपुंजी.

आणि खिडक्या. मोठी काच मिळत नव्हती, म्हणून खिडकीचे आडवे तीन भाग केले. वरची काच सरकायची, खालची सरकायची, मधली चौकटीत पक्की. यामागे हिशेब होता. लहान काचा मिळतात, फुटल्या तर स्वस्तात बदलता येतात, आणि खच्चून भरलेल्या डब्यात वरून-खालून हवा खेळते. मधला भाग हलता केला तर जादा पट्ट्या, जादा खाचा, जादा काम. म्हणून तो पक्का. उघडी जागा उरली जेमतेम फूटभर उंचीची, वर एक आणि खाली एक. हवा येण्याला पुरेशी. मोठ्या माणसाचे खांदे त्यातून जात नाहीत.

टोकाची दारं आतल्या बाजूला उघडणारी होती. रिकाम्या डब्यात याने काही बिघडत नाही. माणसं दाराकडे रेटत असतील तर असं दार उघडता येत नाही, कारण ते उघडायला पुढच्या माणसाला मागे सरकावं लागतं आणि मागचा त्याला पुढे ढकलत असतो.

बाजूची चार दारं हवेच्या दाबावर चालत आणि त्यांचं नियंत्रण विजेचं होतं. डब्याच्या तारा जळत असताना ती उघडता आली नाहीत. दाबातली हवा सोडून दार हातानं सरकवता येईल असा एक कॉक प्रत्येक दारासाठी होता. माणसांना वाचवू शकणारी वस्तू डब्यातच, त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. पण तो कुठे आहे, कसा फिरवायचा हे सांगणारी पाटी नव्हती. तो कर्मचाऱ्यांसाठी होता. प्रवाशांना तो माहीतच नव्हता.

युद्ध संपेपर्यंत ६३ मालिकेचे मोजकेच डबे बाहेर पडले. खरं उत्पादन झालं ते १९४६ नंतर. शहरं जळलेली, गाड्या नष्ट झालेल्या, माणसं मात्र गावाकडून तांदूळ-बटाटे आणायला, कामाला, घरच्यांना शोधायला प्रवास करत होती. डबे हवेच होते आणि तयार आराखडा हाच होता. तोबु, ओदाक्यु, नानकाई, मेइतेत्सु यांसारख्या खासगी मार्गांवरही हे डबे गेले. युद्धकाळातली तडजोड शांतताकाळात शेकड्यांनी छापली गेली. माझ्या मते खरी चूक इथे आहे. १९४४ मध्ये मधली काच पक्की करणाऱ्याला पर्याय नव्हता. १९४९-५० मध्ये पर्याय थोडे तरी होते. पण गाडी धावत होती, माणसं वाहत होती, आणि धावणारी गाडी कारखान्यात परत बोलावणं कुणालाही नकोसं असतं.

डब्यांच्या नावांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, पुढे लागेल. पहिला डबा ‘मोहा ६३’ प्रकारचा होता. मो म्हणजे मोटर असलेला. हा म्हणजे तिसरा वर्ग, जपानी वर्णमालेच्या जुन्या क्रमातलं इ-रो-हा मधलं तिसरं अक्षर.

पाच मिनिटं वाहत राहिलेली वीज

तार छताला भिडल्यावर सबस्टेशनमधला ब्रेकर, म्हणजे बिघाड होताच वीज तोडणारं यंत्र, पडायला हवा होता. या भागाला दोन बाजूंनी वीज मिळत होती: योकोहामा सबस्टेशन आणि त्सुरुमी सबस्टेशन. योकोहामाचा ब्रेकर पडला. त्सुरुमीचा पडला नाही. सुमारे पाच मिनिटं त्सुरुमीकडून वीज त्या पेटलेल्या डब्यात जात राहिली.

असं का होतं, हे एकदिश विजेवर, म्हणजे डीसीवर, चालणाऱ्या रेल्वेचं जुनं दुखणं आहे. १५०० व्होल्ट हा दाब तसा कमी, त्यामुळे गाड्या ओढायला प्रवाह फार लागतो. भरलेली लोकल सुटते तेव्हा ती हजारभर अँपिअरच्या घरात प्रवाह खेचते. आता शॉर्टसर्किट सबस्टेशनच्या जवळ झालं तर प्रवाह प्रचंड उसळतो आणि ब्रेकरला फरक कळतो. पण ते कित्येक किलोमीटर दूर झालं, तर मधल्या तारेचा आणि रुळांचा रोध प्रवाहाला आवर घालतो. सबस्टेशनच्या यंत्राला वाटतं, कुठेतरी दोन-तीन गाड्या एकदम सुटल्या असतील. ते स्वस्थ राहतं. शिवाय एसीमध्ये, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेत, प्रवाह सेकंदाला अनेक वेळा शून्यातून जातो, तिथे ठिणगीची कमान विझायला संधी मिळते. डीसीमध्ये ती संधी नाही. कमान एकदा पेटली की पोसली जात राहते.

मुंबईच्या लोकलही १९२५ पासून २०१० च्या दशकापर्यंत याच १५०० व्होल्ट डीसीवर धावल्या. त्या काळात सबस्टेशनवर काम केलेल्या माणसांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

मोटरमनने पेंटोग्राफ उतरवायचा प्रयत्न केला, पण मोडलेला आणि तारेत गुंतलेला पेंटोग्राफ बटणाचं ऐकत नाही. मागच्या तीन डब्यांतले प्रवासी बाहेर पडले. पहिल्या डब्यात वरून आग, बाजूला बंद दारं, टोकाला आत उघडणारं दार, खिडकीत फूटभर फट. त्या फटीतून बाहेर आलेले हात लोकांनी पाहिले. याहून जास्त वर्णन मी करणार नाही.

दोषी आणि दुरुस्त्या

जपान तेव्हा अजून दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. जपानी राष्ट्रीय रेल्वे या नावाचं महामंडळ १ जून १९४९ ला उभं राहिलं होतं आणि पहिल्या दोन महिन्यांतच हादरलं होतं. त्याचे पहिले अध्यक्ष शिमोयामा सादानोरी जुलै १९४९ मध्ये रुळांवर मृतावस्थेत सापडले. त्याच महिन्यात टोकियोजवळच्या मिताका स्थानकात कुणीही चालवत नसलेली एक गाडी सुटली आणि सहा माणसं मेली. ती गाडीही ६३ मालिकेची होती. शिमोयामांनंतर अध्यक्ष झालेल्या कागायामा युकिओ यांना साकुरागिचोनंतर, ऑगस्ट १९५१ मध्ये, पद सोडावं लागलं.

न्यायालयानं मोटरमनसह काही कर्मचाऱ्यांना कामातल्या निष्काळजीपणाबद्दल दोषी धरलं. तार तुटलेली माहीत असताना गाडी आत येऊ दिली गेली, हे खरंच होतं. पण डबा कसा बनवला, पाटी का लावली नाही, ब्रेकर का पडला नाही, या प्रश्नांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता येत नाही. त्यांची उत्तरं कारखान्यात द्यावी लागली, आणि इथे रेल्वेनं ढिलाई केली नाही.

सगळ्यात आधी दाराच्या कॉकची पाटी लागली. कॉक इथे आहे, असा फिरवा. रंग आणि ब्रश एवढाच खर्च. मग मधली काच हलती केली. पेंटोग्राफखालचं इन्सुलेशन दुहेरी केलं. आतल्या छताला आग रोखणारा रंग, पुढे धातूचे पत्रे. डब्यांमधली टोकाची वाट रुंद केली, तिला पडदे बसवले, म्हणजे एका डब्यातून दुसऱ्यात चालत जाता येईल. आणि मग डबे नव्या क्रमांकांत नोंदले: मोहा ७२, मोहा ७३, कुहा ७९, साहा ७८ (कु म्हणजे मोटर नसलेला पण चालकाची केबिन असलेला, सा म्हणजे दोन्ही नसलेला). ६३ हा आकडा वहीतून पुसला गेला. लोकांच्या मनातून तो जावा ही इच्छा त्यामागे होतीच, पण मी त्याला नुसती रंगरंगोटी म्हणणार नाही, कारण डबा खरोखर बदलला होता. ही ७२-७३ मालिका पुढे तीन दशकं धावली. टोकियो-योकोहामाच्या परिसरात त्सुरुमी मार्गावर १९८० पर्यंत.

प्रकरण इथे थांबवलं तर चूक, चौकशी, सुधारणा असा नेहमीचा क्रम पूर्ण होतो. मी ते थांबवत नाही, कारण त्या पाटीची गोष्ट अकरा वर्षांनी पुन्हा सुरू होते.

मिकावाशिमा: उघडलेलं दार

३ मे १९६२, संविधान दिनाची सुट्टी, रात्री साडेनऊनंतर. टोकियोतल्या जोबान मार्गावर मिकावाशिमा स्थानकाजवळ वाफेच्या इंजिनाची मालगाडी लाल सिग्नल ओलांडून पुढे गेली. अशी गाडी मुख्य मार्गावर येऊ नये म्हणून ठेवलेल्या, पुढे बंद असलेल्या फाट्यात ती शिरली, रुळांवरून घसरली आणि डाउन मार्गावर कलली. उएनोहून तोरिदेकडे निघालेली सहा डब्यांची लोकल तिला घासून आदळली. लोकलचे पुढचे डबे घसरून अप मार्गाच्या बाजूला झुकले. इथवर काही जण जखमी झाले होते, अपघात मोठा नव्हता.

डब्यात अंधार झाला. प्रवाशांनी कॉक फिरवला, दारं उघडली आणि ते खाली उतरले. साकुरागिचोच्या प्रवाशांना जे करता आलं नव्हतं ते यांनी केलं. पाटी वाचली होती, कॉक ठाऊक होता. मार्ग उंच भरावावर, रात्रीची वेळ, चालायला सपाट जागा एकच: शेजारचा अप मार्ग. माणसं त्यावरून स्थानकाकडे चालू लागली.

सहा-सात मिनिटं गेली. या सहा-सात मिनिटांत अपची गाडी थांबवा असं कुणीही कुणाला सांगितलं नाही. मालगाडीच्या कर्मचाऱ्यांनी नाही, लोकलच्या नाही, स्थानकातून नाही. जो तो समोरच्या गोंधळात गुंतला होता. तोरिदेहून येणारी नऊ डब्यांची अप लोकल पूर्ण वेगानं त्या माणसांवर आणि झुकलेल्या डब्यांवर आली. तिचा पुढचा डबा चुराडा झाला, मागचे डबे भरावाखालच्या इमारतींवर कोसळले. १६० मृत्यू, २९६ जखमी.

दोन्ही लोकलमध्ये ७२-७३ मालिकेचे डबे होते. म्हणजे तोच वंश. एकदा दार उघडलं नाही म्हणून माणसं मेली. त्याच कुळातल्या गाडीचं दार उघडलं आणि माणसं मेली.

इथे घाईनं निष्कर्ष काढणारे म्हणतात की कॉक प्रवाशांच्या हाती द्यायलाच नको होता. हे मला पटत नाही. १९५१ ची दुरुस्ती चुकीची नव्हती, ती अर्धी होती. दाराचा कॉक हा एका साखळीचा शेवटचा दुवा आहे. गाडी थांबली, तर आसपासची प्रत्येक गाडी आधी थांबली पाहिजे. मग दार उघडलं तर माणूस सुरक्षित जागेत उतरतो. १९५१ नंतर रेल्वेनं प्रवाशाला दार उघडायला शिकवलं. दाराबाहेर काय असेल याची जबाबदारी मात्र कुणाकडे दिली नाही.

ती मिकावाशिमानंतर दिली गेली. अपघात झाला की जखमींकडे धावण्याआधी शेजारचा मार्ग बंद करायचा, हा कर्मचाऱ्यांचा पहिला धडा झाला. ऐकायला हे निर्दयी वाटतं. रक्तानं माखलेला माणूस समोर असताना मोटरमननं त्याला ओलांडून लाल दिवा दाखवत रुळांवरून धावायचं. पण त्या सात मिनिटांचा हिशेब मांडला की दुसरं काही सुचत नाही. पुढे यासाठी रेडिओ आला: मोटरमननं एक बटण दाबलं की टप्प्यातल्या सगळ्या गाड्यांच्या केबिनमध्ये कर्कश इशारा वाजतो आणि ते मोटरमन कारण न विचारता ब्रेक लावतात. लाल सिग्नल ओलांडणाऱ्या गाडीला आपोआप थांबवणारी एटीएस यंत्रणा १९६६ पर्यंत राष्ट्रीय रेल्वेच्या सगळ्या मार्गांवर बसली.

मिकावाशिमाच्या मृतांपैकी एका पुरुषाची ओळख कधीच पटली नाही.

२०२१: खिडकीतून बाहेर

आगीचे नियम पुढे कडक होत गेले. १९६८ मध्ये टोकियोच्या हिबिया भुयारी मार्गावर रिकामी गाडी पेटली आणि पुढच्या वर्षी डब्यातल्या साहित्याचे नियम नव्यानं बांधले गेले. आजच्या जपानी लोकलमध्ये लाकूड जवळपास शोधूनही सापडत नाही. दाराच्या कॉकशेजारी आता दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: कसा उघडायचा, आणि उघडून बाहेर उतरणं का धोक्याचं आहे. साकुरागिचो आणि मिकावाशिमा एकाच चिकटपट्टीवर.

३१ ऑक्टोबर २०२१ च्या संध्याकाळी केइओ मार्गावर शिंजुकूकडे जाणाऱ्या गाडीत एका तरुणानं एका प्रवाशाला भोसकलं आणि डब्यात इंधन ओतून आग लावली. लोक शेजारच्या डब्यांकडे पळाले; टोकाच्या वाटा रुंद होत्या, त्यामुळे पळता आलं. डबा पेटून खाक झाला नाही. आगीच्या बाबतीत सत्तर वर्षांची मेहनत उपयोगी पडली.

गाडी कोकुर्यो स्थानकात थांबली, पण ठरलेल्या जागेच्या थोडी अलीकडे. या स्थानकात फलाटाच्या कडेला संरक्षक दारं आहेत. गाडीची दारं त्यांच्या समोर येत नव्हती. मोटरमनला गाडी थोडी पुढे घ्यायची होती. पण आत घाबरलेल्या कुणीतरी दाराचा कॉक फिरवला होता, आणि कॉक फिरला की गाडी हलू शकत नाही, ही सुरक्षेचीच व्यवस्था आहे. गाडी हलेना, जागा जुळेना, म्हणून दारं उघडली नाहीत. प्रवासी खिडक्यांमधून बाहेर पडले, संरक्षक दारांवरून उड्या टाकत. एकही माणूस दगावला नाही.

त्या खिडक्यांमधून माणसं बाहेर येऊ शकली ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पण प्रश्न पुन्हा तोच उभा राहिला. कॉक, फलाटाची दारं, मोटरमनचा नियम, या तिन्ही गोष्टी सुरक्षेसाठीच होत्या आणि तिन्ही मिळून दार बंद ठेवत होत्या. नंतर जपानच्या वाहतूक मंत्रालयानं रेल्वे कंपन्यांना सांगितलं की अशा वेळी जागा जुळत नसली तरी गाडीची आणि फलाटाची दोन्ही दारं उघडावीत.

मुंबईत हे का वाचायचं

मुंबईच्या लोकलला दार असून ते बंद होत नाही, अशी आपली परंपरा. म्हणून साकुरागिचोसारखं कोंडलं जाण्याची भीती आपल्याला कधी वाटली नाही. आपली माणसं उघड्या दारातून पडून मरतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना पायरीवर लटकलेले प्रवासी पडले आणि किमान चार जण गेले. त्यानंतर बिगर-वातानुकूलित लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं रेल्वेनं जाहीर केलं. दारांत हवेसाठी झरोके, छतावर हवा आत ढकलणारी यंत्रं आणि डब्या-डब्यांतून जाता येईल अशी जोडवाट, असा तो आराखडा.

हे तीन शब्द, झरोके, हवा, जोडवाट, वाचताना रोकुसानचा आराखडा डोळ्यांपुढे आला. तेव्हाही प्रश्न हाच होता: खच्चून भरलेल्या डब्यात हवा कशी खेळवायची आणि दारं किती ठेवायची. दारं बंद व्हायलाच हवीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती बंद झाली की आपण पहिल्यांदाच साकुरागिचोच्या प्रश्नाच्या हद्दीत येतो. पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ ला धावली. तरीही रोज तिनं जाणाऱ्या दहा जणांना विचारा, वीज गेली आणि दार उघडेना तर काय ओढायचं. किती जण नेमकी जागा दाखवतील?

आणि मिकावाशिमाचा प्रश्न तर आपल्या दारात येऊन गेला आहे. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, साखळी ओढली गेली, माणसं शेजारच्या मार्गावर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान बारा माणसं गेली. त्यांच्या गाडीत आग नव्हती.

दारं बसवणाऱ्यांना म्हणूनच काही साधे प्रश्न विचारायला हवेत, डबा कारखान्यातून बाहेर पडण्याआधी. हाताने दार उघडायचं हँडल गर्दीत उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर आहे, की सीटखाली? त्यावरची सूचना मराठी आणि हिंदीत, अंधारात वाचता येईल अशी आहे का? ते ओढल्याबरोबर मोटरमनला कोणत्या डब्यातलं ओढलं हे कळतं का? शेजारच्या मार्गांवरच्या मोटरमनना कळतं का, आणि किती सेकंदांत? जोडवाटेचं दार, असलंच तर, गर्दीच्या दाबाविरुद्ध तर उघडत नाही ना? कुर्ला आणि ठाण्याच्या मधे, संध्याकाळी सात वाजता, माणूस मार्गांमधल्या कोणत्या जागेत उतरेल?

नागोयाच्या रेल्वे संग्रहालयात मोहा ६३६३८ हा डबा उभा आहे. तोही साकुरागिचोनंतर बदलला गेला, मोहा ७२ झाला, मग कारखान्यातल्या कामाचा डबा बनून उरला. संग्रहालयासाठी तो मूळ रूपात परत आणला, तेव्हा कारागिरांनी त्याला तीन तुकड्यांच्या खिडक्या पुन्हा बसवल्या. वर एक काच, खाली एक काच, आणि मधे ती.